पिंपळपान, शेपटी उजवीकडे

शिरूर,
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

प्रिय ललिता,

सप्रेम नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखलंस, की आधी मागे नाव शोधलंस? अक्षर आता थोडं बिघडलंय, पण तुझा 'ल' अजून सिस्टर अ‍ॅग्नेसनी शाळेत गिरवून घेतला तसाच काढते.

घरी सगळे बरे असतील. तुमचे हे, मच्छिंद्रराव, मागच्या महिन्यात शिरूरच्या स्टँडवर माझ्या भावाला, सत्यजीतला भेटले. त्याने तुझा पत्ता आणला आणि फोन नंबरही. पण फोनवर मी "कशी आहेस, थंडी काय म्हणते" याच्या पुढे जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून पत्र. तू सिग्नल खात्यातून सीनियर टेक्निशियन म्हणून रिटायर झालीस हे ऐकलं आणि मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. दौंडला माझी शाळा झाली, मावशीकडे राहून. त्यामुळे दौंडवरून जाताना मी नेहमी खिडकीपाशी बसते. तू तिथे रेल्वेत आहेस असं कानावर आल्यापासून कित्येक वर्षं, गाडी सुटली की मनात म्हणायची, हा हिरवा ललिताने लावला असेल.

माझं म्हणशील तर गुडघे सोडले तर ठीक. आमचे हे जाऊन चार वर्षं झाली. मी आता सत्यजीतच्या घरी वरच्या खोलीत असते. त्याची मुलगी प्रांजल पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरूनच करते आणि नेट माझ्या खोलीत चांगलं येतं म्हणून दिवसभर माझ्यासमोरच असते. पत्राचं कारण तिचं कामच आहे.

कॉलेजच्या मुलांना सर्किट काढायला एक सॉफ्टवेअर आहे, ते त्यांची कंपनी बनवते. त्यात सगळं होतं, फक्त कॉपी-पेस्ट नव्हतं. एकच तुकडा चार ठिकाणी हवा असेल तर चार वेळा काढत बसायचं. ते काम प्रांजलकडे आलं. मी म्हटलं, "अगं, कॉपी-पेस्ट म्हणजे कात्री आणि चिकटपट्टी. मी आणि ललिताने सणसवाडीत मामांच्या शेडमध्ये दुसरं काय केलं?" ती म्हणाली, "मग आत्या, उद्यापासून तू माझी टेस्टर."

पहिल्या दिवशी मी एक तुकडा कॉपी केला. माउस हलवेन तिकडे तो माशीसारखा मागे मागे हिंडत होता, क्लिक केल्यावर बसला. बघते तर एकाच कागदावर दोन R1, दोन R2.

"प्रांजल, जुळ्यांना एकच नाव ठेवलंस की गं!"

"मुलं नंतर बदलतील, आत्या."

"नाही बदलणार. आम्ही नाही बदलायचो. मग हौसरावमामा शेडमधून ओरडत यायचे, 'आरं, कंचा आर-वन? दोन हायेत हितं! का दोन्ही तोंडात घालू?'"

ती इतकी हसली की चहा सांडला. पण आता तिने तसं केलंय. तुकडा चिकटवला की जुने नंबर गळून पडतात आणि त्या जागी प्रश्नचिन्हं येतात. ज्याचं त्याला नवं नाव दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दुसऱ्या दिवशी माझा तुकडा चुकून दुसऱ्या तारांवर पडला आणि तारा आपल्या आपण जोडल्या गेल्या. तेही तिने दुरुस्त केलं. मी रोज काहीतरी मोडते, ती रोज जोडते. छान चाललंय.

संध्याकाळी मी तिला आपलं टेबल समजावून सांगत बसते. खालून ट्यूबलाइट लावलेलं काचेचं टेबल. त्यावर पारदर्शक फिल्म, हिच्यावरून पुढे सर्किटची पाटी छापायची. काळ्या पट्टीचं रीळ, ती पट्टी ब्लेडने कापत कापत तारांच्या वाटा चिकटवायच्या, आणि पार्टचा पाय जिथे येणार तिथे गोल काळा ठिपका. त्या ठिपक्यांना पुण्याचा दुकानदार पॅड म्हणायचा. तू टिकल्या म्हणायचीस. "सुलू, अर्ध्या इंचाच्या टिकल्या संपल्या गं." एकदा तू एक टिकली कपाळाला लावून दिवसभर बसली होतीस आणि मामांना कळलंच नाही. प्रांजलला हे सांगितलं तर म्हणाली, "आत्या, तुम्ही काम कधी करायचात?"

करायचो की. शेतावरच्या मोटरीची ती पाटी आठवते ना? तीन फेजपैकी एक गेला की मोटर जळायच्या आत बंद करणारी. त्यातला मुख्य तुकडा तुझा होता. तू आठ दिवस खपून तो इतका आटोपशीर बसवलास की मग प्रत्येक नव्या पाटीत तोच लागायचा. बुधवार पेठेतल्या फोटोवाल्याकडून त्याच्या फिल्मवर कॉप्या काढून आणायच्या, कात्रीने कापायच्या, नव्या फिल्मवर चिकटवायच्या. आणि कोपऱ्यात आपापली खूण. तुझं पिंपळपान, शेपटी उजवीकडे वळलेली. फिल्म पारदर्शक, उलटी धरली तरी तशीच दिसते, म्हणून शेपटी उजवीकडे असली म्हणजे बाजू बरोबर. माझं चार पाकळ्यांचं फूल, रुमालावर भरायला सिस्टरनी शिकवलेलं. तू किती वेळा सांगितलंस, "फुलाला देठ काढ बाई. तुझं फूल म्हंजी पुढून बघा, मागून बघा, सारखंच." मी म्हणायची, देठाने शोभा जाते.

तुझ्या त्या तुकड्याची मूळ फिल्म माझ्या पेटीत निघाली. पानासकट. प्रांजलने ती स्कॅन करून तिच्या सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब काढली. आता तिला वाटतंय, मुलांना कॉपी-पेस्ट शिकवायला नमुना म्हणून हाच तुकडा द्यायचा. उघडलं की पहिला हाच दिसणार. खाली 'मूळ रचना' असा रकाना आहे. तिने मला न विचारता त्यात माझं नाव घातलं होतं. मी खोडायला लावलं आणि तुझं घालायला सांगितलं. त्यासाठी तुझी परवानगी हवी आहे. महिनाअखेर ते सगळं बाहेर जाईल, तेव्हा तोवर कळव.

अजून एक अडलंय. कॉपी करताना कोपऱ्यातली खूण तुकड्याबरोबर जावी, की मागे राहावी? मी म्हटलं, जायलाच हवी, सुटता कामा नये. ती म्हणाली, "एवढं ठासून का सांगतेस?" मी गॅसवर दूध ठेवलंय म्हणून उठले.

तू गेल्यावर ते टेबल फार मोठं वाटायला लागलं होतं. पण तुला रेल्वेत लागलं, ते बरंच झालं. पत्र्याच्या शेडमध्ये कोण आयुष्य काढतं? तुझ्या तळेगावच्या बाजारात अजून जाते कधी कधी. तुमची ती भेळेची गाडी जिथे असायची, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे.

मच्छिंद्ररावांना नमस्कार.

तुझीच,
सुलू


दौंड,
११ फेब्रुवारी २०२५

सुलू,

जय भीम.

पत्र पोचलं. अक्षर ओळखलं, मागं नाव बघायची गरज पडली नाही. आमचे हे म्हणाले, "लग्नाची पत्रिका हाय का?" मी म्हटलं, "न्हाई. जुन्या शेडचं बिल आलंय."

गुडघ्याला तिळाचं तेल लाव. कोमट करून. डॉक्टर सांगणार नाहीत.

नावाची परवानगी दिली. पानाचीही दिली. पोरीला सांग, दोन R1 ची अक्कल तिला आली, आमच्या सिग्नलच्या नकाशात साहेबांना कधी आली नाही.

आता तुझ्या पत्रात एक चूक आहे, ती सांगते. रेल्वेत लागलं म्हणून मी गेले नाही. रेल्वेचं पत्र दीड वर्षानं आलं. मधल्या काळात दौंडला माझ्या आत्याच्या घरी शिलाई मशीन चालवलं. पोलक्याला हुक लावून लावून बोटं सोलली होती. म्हणजे मी गेले ते वेगळ्या कारणानं. तुला ते कारण माहीत आहे, सुलू. छत्तीस वर्षांनी पत्र लिहायला बसलीस आणि नेमकी तेवढीच जागा दुधाच्या भांड्याखाली झाकलीस.

मी फार काही विचारत नाही. एकच विचारते. त्या अडीचशे पाट्या उलट्या निघाल्या तेव्हा मी ती फिल्म भिंगाखाली धरून बघितली होती. माझ्या तुकड्याची पानाची कड कात्रीनं कापलेली होती. सरळ, स्वच्छ, एका दमात कापलेली. कुणी कापली?

नमुना द्यायचा तर दे. पण ह्याचं उत्तर आल्याबिगर माझं नाव लावू नको.

ललिता


शिरूर,
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

प्रिय ललिता,

मी कापली.

हे पहिल्या पत्रात पहिल्या ओळीत यायला हवं होतं. त्या पत्राचे मी तीन कागद फाडले होते. प्रत्येक वेळी टिकल्यांपर्यंत आले की हात आपोआप गमतीकडे वळायचा. आता सरळ सांगते.

ती नवी पाटी पुण्याच्या प्रदर्शनात जाणार होती. मामा म्हणाले होते, ही सुलूनं पूर्ण करायची. फिल्मवर दोन खुणा शोभणार नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं. शोभेचा प्रश्न नव्हता. मला तिथे एकटं माझं फूल हवं होतं. फोटोवाल्याकडून आलेल्या कॉपीतला तुझा तुकडा मी कापला, तो पान बाहेर ठेवून. मग कात्री ठेवायला वळले, तुकडा टेबलावरून घसरला, मी उचलला आणि चिकटवला. कोणती बाजू वर आली, हे सांगायला पान नव्हतं. माझं फूल कोपऱ्यात बसलं होतं, पुढून आणि मागून सारखंच. सगळ्या वाटा मी त्या उलट्या तुकड्याला जोडत गेले, नीट, एकही सुरकुती न पडू देता.

अडीचशे पाट्या झाल्या. चाचणीला लावली ती प्रत्येक जळाली. मामांनी फिल्म टेबलावर आपटली आणि विचारलं, "ह्यो तुकडा कुणाचा हाय?"

मी म्हटलं, "ललिताचा."

खोटं नव्हतं ते. तुकडा तुझाच होता. एवढी वर्षं मी त्याच एका गोष्टीला धरून राहिले, की मी खोटं बोलले नाही. शाळेत आम्हाला शिकवायचे, खोटं बोलू नये. खरं अर्ध्यावर सोडू नये, हे कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी रुमाल भरत असेन.

तू भिंग खाली ठेवलंस. माझ्याकडे बघितलंस. मग मामांनी तुला बाहेर बोलावून उद्यापासून येऊ नको सांगितलं. तेव्हा मला वाटलं, तुला कळलं नाही. हेही खोटं. मला वाटून घ्यायचं होतं. त्या शेडमध्ये मामा माझे, मुकादम आमच्या निमोणे गावचा, तुझ्या बाजूने उभं राहायला कोण होतं? तू तोंड उघडलं असतंस तर सगळे म्हणाले असते, मालकाच्या भाचीवर ढकलते. हे तुला कळत होतं, आणि मलाही. एकच व्यक्ती होती जिचं बोलणं त्यांनी ऐकलं असतं. ती मी.

का नाही बोलले, तेही लिहिते, सबब म्हणून नव्हे. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, मला कामावर पाठवताना अट घातली होती, एक तक्रार आली की निमोण्याला परत आणि मग लगेच लग्न. मला ते काचेचं टेबल सोडवत नव्हतं. एवढंच. दोन वर्षांनी लग्न झालंच आणि टेबल सुटलंच. म्हणजे तुझी जागा देऊन मी दोन वर्षं घेतली.

आणि एक गोष्ट तुला माहीत नसेल. मी तुला बघत होते. त्या संध्याकाळी तू रस्त्यापलीकडे, थांब्यावर उभी होतीस. साडेपाचची एसटी आली, तू चढली नाहीस. सहाची आली, तीही सोडलीस. शेडच्या खिडकीची एक काच फुटलेली होती, तिथून मी बघत होते. तू कुणाची वाट बघतेस हे मला नक्की कळत होतं. मी मनात म्हणत होते, ही पट्टी पूर्ण होऊ दे, मग जाते. पट्टी पूर्ण झाली. मी दुसरी घेतली. साडेसहाच्या गाडीत तू चढलीस.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, ललिता का नाही आली. मी म्हटलं, तिला रेल्वेत लागतंय. तू मागे कधीतरी अर्ज केला होतास, तेवढ्यावर. ती गोष्ट मीच सोडली, ललिता. मग ती इतकी फिरली की मलाही खरी वाटायला लागली, आणि परवा मी तुलाच ती लिहून पाठवली.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी ते उशीखाली ठेवलं. मग प्रांजलला वाचून दाखवलं. तिने लॅपटॉप मिटला. नंतर म्हणाली, "आत्या, मला सांगून काय उपयोग? मी तर त्या शेडमध्ये नव्हते." पोरगी बरोबर बोलली. म्हणून शनिवारी मामांकडे गेले.

हौसरावमामा आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत. ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले असतात. कानाला यंत्र आहे, पण ते खिशात ठेवतात. मी म्हटलं, "मामा, ललितासाठी आलेय."

"कोन ललिता?"

"तळेगावची. माझ्याशेजारी टेबलावर असायची ती. तुम्ही काढलंत तिला."

"म्या? म्या न्हाई कुणाला काढलं. ती पोरगी रेल्वेत लागली म्हून गेली. व्हय का न्हाई? तूच म्हनली व्हतीस."

तुझ्याजवळ काही लपवायचं नाही म्हणून हेही लिहिते. त्यांना तुला काढल्याचं आठवत नाही. माझी गोष्ट आठवते.

मी जवळ गेले आणि कानाशी ओरडून सांगितलं. "रेल्वे खोटी होती, मामा! पाट्या मी उलट्या केल्या! पान मी कापलं!" ऐकू येईना म्हणून परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांची सून तेजश्री पिठाच्या हातांनी बाहेर आली. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या दोघी उठून उभ्या राहिल्या. आख्ख्या आळीला कळलं, आणि मला वाटलं, बरं झालं यंत्र खिशात होतं.

मामांनी हातातली काठी फिरवली. मग म्हणाले, "आडीचशे पाट्या."

"हो."

"मंग तवाच का न्हाई बोललीस? म्या काय तुला खाल्लं असतं?"

"मला नसतं खाल्लं, मामा. म्हणूनच बोलायला हवं होतं."

त्यांनी काठी टेकली. उठताना तेजश्रीला सांगितलं, "तिला च्या दे." मी घेतला नाही. चहा घेण्यासारखं काही केलं नव्हतं.

प्रांजलने नमुना अजून थांबवलाय. 'मूळ रचना'चा रकाना रिकामा आहे. तू हो म्हणालीस तर तुझं नाव, नाहीतर तो तुकडाच काढून टाकू, असं तिने कंपनीला कळवलंय. पण खुणेचं तिने ठरवून टाकलं. तुकडा आणि खूण एकत्र बांधली आहे. कॉपी करा, फिरवा, उलटा करा, कुठेही चिकटवा, पान बरोबर जातं, आणि उलटा केला तर शेपटी डावीकडे होऊन ते लगेच सांगतं. मी टेस्टर म्हणून सबंध दुपार ते पान तोडायचा प्रयत्न केला. तुटलं नाही. प्रांजल म्हणाली, "बस्स ना आत्या आता?" मी अजून एकदा केला.

सोबत एक लहान पाकीट आहे. जपून उघड, नखाएवढं आहे. मी कापलेली ती कड, त्यावरचं तुझं पान. टाकून देता आलं नाही. शाळेच्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं होतं, आणि त्या पानावरची प्रार्थना मी छत्तीस वर्षांत म्हटलेली नाही. ते तुझं आहे. माझ्याकडे ठेवायचा मला हक्क नव्हता.

माफ कर, असं लिहिणार होते. ते लिहिणं सोपं आहे आणि उत्तराचं ओझं तुझ्यावर येतं. म्हणून असं करते. रविवारी, तेवीस तारखेला, मी न्हावऱ्यावरून येणाऱ्या सकाळच्या एसटीने दौंडला येते. तुझ्या घरी येणार नाही, तू बोलावलेलं नाहीस. स्टँडवर बाकावर बसेन. परतीची पहिली गाडी सोडेन. दुसरीही सोडेन. तू आलीस तर समोरासमोर तेच सांगेन जे मामांना सांगितलं, पण ओरडावं लागणार नाही. नाही आलीस तर तिसऱ्या गाडीत चढेन, आणि तिसऱ्या गाडीत चढताना कसं वाटतं तेवढं तरी मला कळेल.

खाली माझं फूल काढलंय. हा कागद पातळ आहे, उजेडाकडे धरून मागून बघ. आता कळेल, कुठली बाजू खरी ते.

देठ काढलाय, ललिता. उजवीकडे वळवून.

सुलू